रिकाम्या हाताचे गणित

लग्नघरात हात पुष्कळ असतात. भाजी चिरणाऱ्या बायका, पाणी भरणारी मुले, मांडववाले, आचारी, वाढपी. तरीही पंगत बारा वाजता बसणार की दीड वाजता, हे या हातांच्या संख्येवर ठरत नाही. ते ठरते घरातल्या एका माणसावर. बहुधा ती एखादी आत्या असते. स्वतः ती फारसे काही करताना दिसत नाही. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली असते. पण डाळ केव्हा शिजायला टाकायची, पुरण वाटायला कोणाला बसवायचे, जिलबीचा आचारी नारळ खोवण्यात कसा अडकू द्यायचा नाही, हे सारे तिच्या डोक्यात पक्के असते. तिचा एक निर्णय चुकला, की पन्नास माणसे हातावर हात ठेवून बसतात आणि व्याही मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात.

जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांतही अशी एक आत्या बसलेली असते. तंत्रज्ञ तिला ‘शेड्यूलर’ म्हणतात. कोणते काम, कोणत्या प्रोसेसरने, केव्हा करायचे हे ठरवणारी ती एक आज्ञावली असते. आपण तिला कारभारीण म्हणू. नवा महासंगणक आला की त्याच्या वेगाचे आकडे वर्तमानपत्रात मोठ्या टाइपात छापून येतात; या कारभारणीबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. वास्तविक कोट्यवधी रुपयांच्या त्या यंत्राचे चीज होणार की ते नुसतेच तापत राहणार, हे पुष्कळ अंशी तिच्या हाती असते. आणि अलीकडे तिचे काम पूर्वी कधी नव्हते इतके अवघड होऊन बसले आहे.

एकसारख्या हातांचा काळ

ही अडचण समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागेल. पुण्यात १९८८ साली ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा भारतीय महासंगणक उभा राहिला. त्यामागची कल्पना सोपी होती. एकच अतिवेगवान, अतिमहाग प्रोसेसर मिळत नसेल, तर अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपायचे आणि काम वाटून द्यायचे. ‘परम’साठी निवडलेले ‘ट्रान्सप्यूटर’ नावाचे हे प्रोसेसर ब्रिटनमधल्या इन्मॉस कंपनीचे होते आणि ते सगळे एकाच जातीचे होते. एकाला जे जमे ते दुसऱ्यालाही तितक्याच वेळात जमे.

हात एकसारखे असले की कारभारीण एका साध्या नियमावर भागवू शकते: कोणालाही रिकामे बसू द्यायचे नाही. जो मोकळा होईल त्याने यादीतले पुढचे काम उचलायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हा नियम एकदम पटेल. पण या सरळ नियमातसुद्धा एक खोच आहे, आणि ती दाखवून दिली रोनाल्ड ग्रॅहॅम या अमेरिकन गणितज्ञाने, १९६६ साली. ग्रॅहॅम बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करत आणि हौशीने चेंडू झेलण्याचे खेळ करत. अशा खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्षही झाले होते. कोणता चेंडू हातात, कोणता हवेत, याचा हिशेब त्यांच्या अंगातच असावा.

त्यांचे उदाहरण कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करून पाहता येईल. नऊ कामे आहेत. पहिले तीन तासांचे. दुसरे, तिसरे, चौथे प्रत्येकी दोन तासांचे. पाचवे ते आठवे प्रत्येकी चार तासांचे. नववे एकटेच नऊ तासांचे. अटी दोनच: पहिले झाल्याशिवाय नववे सुरू करता येत नाही, आणि चौथे झाल्याशिवाय पाचवे ते आठवे सुरू करता येत नाहीत. तीन माणसांना कामाला लावा. नियम तोच, मोकळ्या माणसाने यादीतले करता येण्याजोगे पहिले काम घ्यायचे. सगळे मिळून १२ तास लागतात.

आता चौथा माणूस आणा. वेळ कमी व्हायला हवा. होतो १५ तास!

असे का घडावे? चौथ्या माणसामुळे चौथे काम दोन तासांतच उरकते. त्याबरोबर पाचवे, सहावे, सातवे काम तिघे उचलतात. तीन तासांनी पहिला माणूस मोकळा होतो. त्याच्यासमोर आठवे आणि नववे अशी दोन कामे असतात. यादीत आठवे आधी, म्हणून तो ते घेतो. नऊ तासांचे लांबलचक काम बिचारे सहाव्या तासापर्यंत हात मिळण्याची वाट पाहते आणि शेवट १५ व्या तासाला होतो. तीनच माणसे होती तेव्हा त्यांच्यातला एक जण मध्ये दोन तास चक्क रिकामा बसला होता, तरी काम १२ तासांत आटोपले होते. कारण लांब काम वेळेवर सुरू झाले होते. ग्रॅहॅम यांनी पुढे जाऊन दाखवले, की माणसे तीनच ठेवून प्रत्येक कामाचा वेळ एकेक तासाने कमी केला, तरीही एकूण वेळ १२ वरून १३ तासांवर जातो. बारभाईच्या कारभाराचा अनुभव आपल्याला होताच. त्याची गणिती सिद्धता अशी मिळाली.

दिलासा एवढाच, की ग्रॅहॅम यांनी एक हमीही दिली. हात एकसारखे असतील आणि कोणी विनाकारण रिकामा बसत नसेल, तर यादी कितीही वेडीवाकडी असली तरी लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या दुपटीपलीकडे जात नाही. कारभारीण अगदीच सामान्य निघाली तरी पंगत रात्रीपर्यंत लांबत नाही.

उष्णतेने घडवलेली सरमिसळ

ही हमी पुढे हातची गेली, आणि त्याला कारण झाली उष्णता. प्रोसेसरचा वेग दर वर्षा-दोन वर्षांनी वाढवत नेण्याची शर्यत २००४-०५ च्या सुमारास अडखळली. आणखी वेगाने चालवावे तर चिप इतकी तापू लागली, की ती थंड ठेवणेच परवडेना. मग अभियंत्यांनी वेगळी वाट धरली. सर्व कामे बऱ्यापैकी करणाऱ्या एका प्रोसेसरच्या जोडीला, एकाच तऱ्हेचे काम भराभर करणारे खास प्रोसेसर बसवायचे.

या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा म्हणजे अमेरिकेतल्या लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेतला ‘रोडरनर’. २००८ साली सेकंदाला एक पेटाफ्लॉप, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते करणारा तो जगातला पहिला संगणक ठरला. त्यात नेहमीच्या प्रोसेसरांबरोबर ‘सेल’ नावाच्या १२,९६० चिप होत्या, आणि ही ‘सेल’ची जात मुळात मुलांच्या ‘प्लेस्टेशन ३’ या खेळयंत्रासाठी जन्माला आलेली! यंत्र अफाट होते. पण दोन स्वभावांच्या प्रोसेसरांना एकत्र नांदवणे आज्ञावली लिहिणाऱ्यांना भलतेच जड गेले. २०१३ मध्ये, अवघ्या पाच वर्षांत, ‘रोडरनर’ बंद करण्यात आला.

कल्पना मात्र टिकली. आता त्या खास प्रोसेसरची जागा ‘जीपीयू’ने घेतली आहे. पडद्यावर चित्रे रंगवण्यासाठी तयार झालेली ही चिप. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांवर एकच क्रिया एकदम करायची, हे तिचे मूळ काम. साधा प्रोसेसर, म्हणजे ‘सीपीयू’, हा अनुभवी आचाऱ्यासारखा असतो. आमटीत मीठ कमी आहे, जाळ जास्त झाला, पाहुणे वाढले, अशा दर क्षणाला बदलणाऱ्या गोष्टींतून तो वाट काढतो. जीपीयू म्हणजे ओळीने पोळपाट घेऊन बसलेल्या शंभर बायका. ‘लाटा’ म्हटले की शंभर पोळ्या एकदम लाटून होतात. पण त्यांतल्या प्रत्येकीला वेगवेगळे काम सांगायला गेलात, तर सगळाच खोळंबा.

अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला ‘फ्रंटियर’ २०२२ मध्ये एक्साफ्लॉपची, म्हणजे एकावर अठरा शून्यांची मर्यादा ओलांडणारा पहिला अधिकृत महासंगणक ठरला. त्याच्या नऊ हजारांहून अधिक घटकांपैकी प्रत्येकात एक सीपीयू आणि चार जीपीयू आहेत. आपल्याकडेही पुण्याच्या सी-डॅकने २०१३ मध्ये ‘परम युवा २’ उभारताना नेहमीच्या प्रोसेसरांना मदतनीस प्रोसेसर जोडले होते, आणि २०२० चा ‘परम सिद्धी-एआय’ तर जीपीयूंच्याच बळावर उभा आहे.

लवकर सुरू, की लवकर पूर्ण?

अशा सरमिसळीत ‘कोणी रिकामे बसू नये’ हा नियम दगा देतो. समजा, एक काम जीपीयूवर एक तासात होते आणि सीपीयूवर त्याला शंभर तास लागतात. जीपीयू आणखी तासभर दुसऱ्या कामात आहे; सीपीयू मोकळा आहे. मोकळ्या हाताला काम द्यायचेच, असा हट्ट धरला तर ते शंभर तासांनी होईल. तासभर थांबलो तर दोन तासांत. इथे ग्रॅहॅम यांची दुपटीची हमी लागू पडत नाही. साध्या नियमाने होणारे नुकसान दुप्पट, दहापट, शंभरपट, कितीही असू शकते. कधी कधी एक हात जाणूनबुजून रिकामा ठेवणे हाच शहाणपणा असतो.

दुसरा पेच वाहतुकीचा. पोळ्या लाटणाऱ्या बायका शेजारच्या वाड्यात बसल्या असतील, तर कणकेची परात तिकडे न्यायला हवी आणि पोळ्या परत आणायला हव्यात. हजार पोळ्यांसाठी ही ये-जा परवडते. दहा पोळ्यांसाठी आचाऱ्यानेच लाटून घेतलेल्या बऱ्या. सीपीयूच्या स्मृतीतून जीपीयूच्या स्मृतीत आकडे नेण्याला असाच वेळ लागतो, वीजही लागते. कित्येकदा प्रत्यक्ष गणितापेक्षा ही नेआणच महाग पडते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा ‘एल कॅपिटन’ नोव्हेंबर २०२४ च्या यादीत जगात पहिला आला. त्यात सीपीयू आणि जीपीयू एकाच चिपमध्ये, एकाच सामाईक स्मृतीवर बसवले आहेत, ते याचसाठी. दोन वाड्यांमधली भिंतच पाडून टाकली म्हणा ना!

मग सगळ्या शक्यता तपासून सर्वांत चांगली वाटणी का शोधू नये? इतका वेगवान संगणक हाताशी आहे, तर त्यालाच विचारावे. इथे गणित हात टेकते. दहा कामे तीन प्रोसेसरांना वाटण्याचे ५९,०४९ प्रकार होतात. ५० कामांचे प्रकार सातावर तेवीस शून्ये, इतके. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतके प्रकार तपासले, तरी आठ दिवस लागतील. आणि कामे १०० झाली, तर विश्वाचे सारे वयही अपुरे पडेल. काही हिकमतीने हा शोध नेहमीच झटपट संपवता येईल अशी कोणतीही रीत आजवर सापडलेली नाही, आणि बहुतेक गणितज्ञांच्या मते तशी रीत नाहीच. अणूच्या पोटातल्या घडामोडींचे गणित करणाऱ्या यंत्राला स्वतःच्या कामाची आदर्श वाटणी करता येऊ नये, ही गंमतच आहे.

तेव्हा कारभारणीला अंदाजाने, पण शहाणपणाने चालावे लागते. हलुक टोपचुओलू, सलीम हरिरी आणि मिन-यू वू या तिघांनी २००२ साली मांडलेली ‘हेफ्ट’ ही रीत आजही इतर रीती पारखण्याची कसोटी म्हणून वापरतात. तिची पावले दोन. पहिले: प्रत्येक कामाच्या मागे शेवटपर्यंत किती लांब शेपूट आहे ते मोजायचे, वाहतुकीचा वेळही धरून, आणि ज्याचे शेपूट सर्वांत लांब ते काम आधी. पुरणपोळीची डाळ पहाटे शिजायला पडते ती याच न्यायाने. डाळीमागे पुरण, पुरणामागे पोळ्या, असे सारे उभे असते. कोशिंबीर पाने मांडताना केली तरी चालते. दुसरे: ते काम ज्या प्रोसेसरवर सर्वांत लवकर सुरू होईल त्याला न देता, ज्याच्याकडे सर्वांत लवकर पूर्ण होईल त्याला द्यायचे. सुरुवात आणि शेवट यांतला हा फरक सांगायला एका ओळीचा. पण सरमिसळ यंत्रांचे निम्मे तत्त्वज्ञान त्यात आहे.

अर्थात, यासाठी कोणत्या कामाला किती वेळ लागेल हे आधी माहीत हवे. आत्याला ते वर्षानुवर्षांच्या कार्यांमधून माहीत असते. फ्रान्समधल्या बोर्दो इथे तयार झालेली ‘स्टारपीयू’ ही प्रणाली तेच करते: मागच्या खेपांना कोणते काम कोणत्या प्रोसेसरवर किती वेळ चालले याची नोंद ठेवते आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधते. अंदाजच बांधता येत नसेल तर आणखी एक युक्ती आहे. ज्याचे काम संपले त्याने शेजाऱ्याच्या ढिगातून काम उचलून आणायचे. या युक्तीला इंग्रजीत ‘काम चोरणे’ अशाच अर्थाचे नाव आहे. आपल्याकडचा कामचोर काम टाळतो. हा कामचोर ते ओढून घेतो!

रांगेत उभी असलेली माणसे

आतापर्यंत आपण एका पंगतीचा विचार केला. पण महासंगणकावर एकाच वेळी शेकडो लोकांची कार्ये असतात. कोणी औषधाचा रेणू तपासत असतो, कोणी धरणाच्या भिंतीवरचा दाब, कोणी आकाशगंगा. प्रत्येक जण ‘मला इतके प्रोसेसर, इतके तास हवेत’ अशी मागणी नोंदवतो आणि रांगेत उभा राहतो. इथे कारभारणीचे काम गणिताइतकेच न्यायाचे होते.

समजा, रांगेत पहिल्या नंबरावर एक मोठे काम आहे. त्याला निम्मे यंत्र लागणार आहे. तेवढी जागा रिकामी व्हायला सहा तास आहेत. तोपर्यंत मोकळे झालेले प्रोसेसर नुसते बसवायचे का? अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्याला यावर एक तोडगा निघाला आणि तो जगभर पसरला. मागच्या एखाद्या छोट्या कामाला मध्ये शिरू द्यायचे. मात्र त्याने पहिल्या नंबराच्या कामाला एक मिनिटही उशीर होता कामा नये. ‘मला फक्त एक कार्ड काढायचंय’ म्हणणाऱ्याला रांगेतले लोक पुढे जाऊ देतात, तसेच.

पण या सोयीला माणसाच्या स्वभावाचे ग्रहण लागते. मागितलेला वेळ संपला की काम अर्धवट तोडले जाते, या भीतीने जो तो दोन तासांच्या कामाला दहा तास मागतो. मग कारभारणीचे सगळे हिशेब चुकतात आणि मध्ये शिरू शकणारी छोटी कामे बाहेर ताटकळतात. जीपीयू असलेल्या यंत्रांवर आणखी एक रोग दिसतो. काम जीपीयू अडवून बसते आणि त्याची आज्ञावली मात्र सारा वेळ सीपीयूवरच चालते. शंभर पोळपाट मांडून ठेवायचे आणि आचाऱ्याने एकट्याने पोळ्या लाटायच्या, असा प्रकार. नोंदीत यंत्र ‘पूर्ण भरलेले’ दिसते. रांगेतल्या विद्यार्थ्याला ते दिसत नाही. त्याला फक्त आपला नंबर पुढे सरकत नाही एवढेच कळते.

म्हणून अनेक ठिकाणी वाट्याचा नियम असतो: अलीकडे ज्याने जास्त वापर केला त्याचा क्रम खाली, ज्याला कमी मिळाले त्याचा वर. तरी प्रश्न संपत नाही. यंत्र सतत भरलेले राहावे, कोणी फार वेळ ताटकळू नये आणि वीज कमी लागावी, ही तीनही उद्दिष्टे एकाच वेळी पूर्ण साधत नाहीत. ‘फ्रंटियर’ला पूर्ण भरात सुमारे २१ मेगावॅट वीज लागते. कोणत्या उद्दिष्टाला किती वजन द्यायचे हे प्रोसेसर ठरवू शकत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते.

उशिरा आलेले भाकीत

याची सर्वांत जवळची कसोटी आपल्या पावसात आहे. पुण्याच्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा ४ पेटाफ्लॉपचा महासंगणक आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’. याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. ती हवामानाचे चित्र ६ किलोमीटरच्या चौकटींत मांडते; आधीच्या चौकटी १२ किलोमीटरच्या होत्या. चौकट निम्मी केली की लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट असे चौपट ठिकाणांचे गणित करावे लागते; शिवाय काळाचे टप्पेही निम्मे घ्यावे लागतात. म्हणजे काम आठपट. वेळ मात्र तेवढाच. उद्याच्या पावसाचे भाकीत परवा हाती आले, तर ते भाकीत राहत नाही, इतिहास होतो. पेरणीच्या तोंडावर आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला यंत्रात किती पेटाफ्लॉप आहेत याच्याशी कर्तव्य नसते. त्याला सांगावा वेळेवर हवा असतो.

आणि नवे यंत्र आणले म्हणजे तो वेळेवर येईलच, असेही नाही. हवामानाच्या जुन्या आज्ञावल्या सीपीयूसाठी लिहिलेल्या असतात. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने २०१६ मध्ये आपले रोजचे भाकीत जीपीयूंवर नेले, त्यासाठी आज्ञावलीचे मोठे भाग वर्षानुवर्षे खपून नव्याने लिहावे लागले. यंत्र विकत मिळते. ही मेहनत विकत मिळत नाही.

राष्ट्रीय महासंगणन अभियानाला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा त्यासाठी साडेचार हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. आयआयटी, आयसर, विज्ञान संस्था अशा अनेक ठिकाणी त्यातून यंत्रे उभी राहिली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पुढच्या वेळी एखाद्या यंत्राच्या पेटाफ्लॉपचा आकडा वाचला, की आपण आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या संशोधिकेला या यंत्रावर पाळी यायला किती दिवस लागतात? आणि तिची पाळी येते तेव्हा यंत्रातले किती हात खरोखर तिच्यासाठी राबतात? या दोन उत्तरांतून आपल्या पैशाचे चीज झाले की नाही हे जितके कळेल, तितके ते वेगाच्या आकड्यातून कळणार नाही. मोठे यंत्र घेणे हा एका दिवसाचा समारंभ आहे. ते राबवणाऱ्या, आज्ञावल्या नव्याने लिहिणाऱ्या, रांगेचे नियम घालून देणाऱ्या माणसांना सांभाळणे हे रोजचे काम आहे, आणि त्याला फीत कापायला कोणी येत नाही.